सोजरमावशी, तक्रार माझी होती

मावशी,

बुधवारी तुमच्या उघड्या कबरीशेजारी उभं राहून मी खोटं बोललो. अंगात पांढरा झगा, हातात प्रार्थनेचं पुस्तक, समोर अख्खी मंडळी, आणि मी धडधडीत खोटं बोललो. म्हणालो, "आपली सोजरबहीण सगळ्यांशी समेट करून, मनात कोणाविषयी काही न ठेवता प्रभूकडे गेली आहे." लोकांनी आमेन म्हटलं. कुंपणापाशी एकट्या उभ्या असलेल्या एस्तेरबाई तेवढ्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं. भिंतीला भिंत लागून घर, चाळीस वर्षांची मैत्री, आणि तरी त्यांच्याशी तुम्ही गेली चार वर्षं बोलला नाहीत, आणि न बोलताच गेलात. त्याला कारण मी. हे गावात कोणाला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

आज रविवार आहे. उपासना झाली, लोक आपापल्या घरी गेले, आणि मी चर्चच्या मागच्या खोलीत हे लिहायला बसलोय. मेलेल्यांशी बोलू नये असं मीच तुम्हाला शिकवलं होतं, आठवतं ना? ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, तुम्ही सकाळीच कबरस्तानात जायचात, नवऱ्याच्या कबरीवर झेंडूची फुलं ठेवायचात आणि मोठमोठ्यानं गप्पा मारायचात. पाटाला पाणी आलं, नातवाला दात आले, अमक्याची म्हैस दगावली. एका वर्षी मी पुढच्या रविवारी उपदेशात त्यावर बोललो, नाव न घेता. बाहेर पडल्यावर तुम्ही मला दारातच गाठलंत. "साहेब, ते माझ्यावर व्हतं ना? आवो, मी काय त्याला मागते का? मागायचं ते देवाला मागते. त्याला नुसतं सांगते. सांगायला काय शास्त्राची बंदी हाय?" "तसं नसतं हो मावशी," एवढंच म्हणालो. तुम्ही हसलात आणि पदर सारखा करत निघून गेलात. तो वाद तसाच राहिला. आज मीही तुमच्याकडे काही मागत नाही, मागायला मला तोंड नाही. मी सांगतोय.

या गावात मी आलो तेव्हा मला चर्चची किल्ली तुमच्या हातून मिळाली. नाशिक शहरात वाढलेला माणूस मी. दिंडोरीच्या पुढं कधी आलोच असेन तर कोणाच्या लग्नाला. आधीच्या पाळकांची बदली होऊन पाच महिने झाले होते, चर्च बंद असेल, धूळ असेल, पाली असतील असं धरून चाललो होतो. आत पाहिलं तर फरशी पुसलेली, वेदीवर धुतलेला कपडा. तुम्ही दारात उभ्या, हाताला द्राक्षाच्या औषधाचा निळसर डाग. "पाळक नव्हता म्हणून काय झालं? देव व्हता की," असं म्हणालात. मी हसलो, पण मनातून जरा खजील झालो.

दिवसभर दुसऱ्याच्या बागेत छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग. शनिवारी संध्याकाळी चर्चची झाडलोट. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, त्याचा द्राक्षरसही तुमच्याच हातचा. पहिल्यांदा तुम्हाला पातेल्यात बेदाणे उकळताना बघितलं आणि मी माझं शहरी डोकं चालवलं. म्हटलं, "मावशी, चारी बाजूंनी द्राक्षाच्या बागा आणि तुम्ही बेदाणे कसले उकळताय? ताजी द्राक्षं घ्या की." तुम्ही ढवळायचा डाव थांबवून माझ्याकडं असं बघितलंत की मी शाळेत असल्यासारखा उभा राहिलो. "साहेब, त्या द्राक्षावर किती फवारे बसत्यात ते मला इचारा. मी स्वतः मारते. ते प्रभूच्या टेबलावर ठिवू? ह्ये बेदाणे माझ्या भावाच्या परसातल्या येलाचे हायती. एक थेंब औषीद नाय." त्यानंतर मी त्या पातेल्याच्या वाटेला गेलो नाही.

तुमचं माझं जमायचं आणि बिनसायचं, दोन्ही एकाच दिवशी. ऐन काढणीत आभाळ भरून आलं की बागायतदार मंडळी मला गाठायची, "साहेब, गारपीट नको म्हणून प्रार्थना करा." मी लांबलचक करायचो. एकदा तुम्ही मला बाहेर सुनावलंत, "दरसाली बागवाल्यांची प्रार्थना करता. माझ्या भावाच्या इहिरीत पाणी नाय, त्याची कधी केली का? का देवाकडं बी वशिला लागतो?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या रविवारी मी विहिरींसाठी प्रार्थना केली आणि तुम्ही सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणालात.

आता मुद्द्याचं सांगतो. टाळत आलोय, म्हणून बेदाणे आणि विहिरी चालल्यात.

आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच प्याला होता. चांदीचं पाणी दिलेला, बुडाशी जरा चेपलेला. लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, मी एकेकाच्या ओठाला प्याला लावायचो, पांढऱ्या फडक्यानं कड पुसायचो, प्याला जरासा फिरवायचो आणि पुढच्याला द्यायचो. सगळ्यांचं झालं की जे उरेल ते टाकायचं नसतं. ते आशीर्वाद दिलेलं असतं. पाळकानं ते प्यायचं, प्याल्यात थोडं पाणी घालून खळबळायचं, आणि तेही प्यायचं. मला शिकवलं तेव्हा मी तो विधी पाठ केला, त्यात काही जड जाण्यासारखं आहे असं मनातही आलं नव्हतं.

तुम्ही कायम सगळ्यात शेवटी यायचात. म्हाताऱ्यांना हात देऊन उठवायचं, कोणाचं लेकरू धरायचं, मग शेवटी तुम्ही गुडघे टेकायचात. तुमच्यानंतर थेट मी. आणि मावशी, तुम्ही मशेरी लावायचात. रविवारी सकाळी चूळ भरून यायचात हे मला ठाऊक आहे, तरी प्याल्याच्या कडेला तपकिरी डाग राहायचा. तो फडक्यानं निघायचा नाही. मी प्याला फिरवून दुसऱ्या बाजूनं प्यायचो, डोळे मिटून, श्वास रोखून. एकदा वेदीपुढंच ओकारी दाटून डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं पाळकसाहेब भारावले.

माझी आजी मशेरी लावायची. तिच्या बशीतला उरलेला चहा मी लहानपणी भांडून प्यायचो. मग हे कुठून आलं माझ्यात? इस्त्रीचे कपडे आले, पदवी आली, शहरातलं फ्लॅटमधलं घर आलं, त्याच्याबरोबर ही किळसही आली असेल. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मी त्याबद्दल देवाशीसुद्धा बोललो नाही. लाज वाटायची.

मग करोना आला आणि प्याला कपाटात गेला. दोन वर्षांनी चर्च नीट उघडलं तेव्हा लोक म्हणू लागले, साहेब, आता परत पहिल्यासारखं करू. आणि मला संधी दिसली. मी नाशिकहून छोटे छोटे काचेचे पेले आणले, बोटभर उंचीचे, तबकात मांडायचे. कमिटीच्या बैठकीत म्हणालो, "आता हेच ठेवू. एका प्याल्याबद्दल काही लोकांना अडचण वाटते."

काही लोकांना! मावशी, मी एकटाच "काही लोक" होतो.

कोणीतरी विचारलं, "कोणाला हो? बाईंना का?" बाई म्हणजे एस्तेरबाई. जन्मभर पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या, कांजी केलेल्या साडीतल्या, चर्चमध्येसुद्धा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्या एस्तेरबाई. त्या बैठकीला नव्हत्या. मी "नाही" म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं! मी हसलो. नुसता हसलो आणि पुढचा विषय घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंनी तक्रार केली, आणि सोजरच्या मशेरीवरून केली. मशेरीचं नाव मी काढलं नव्हतं. पण लोकांना डोळे होते, त्यांनाही तो डाग दिसत होता.

तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आलात. रागावून ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही पायरीवर बसलात आणि सावकाश म्हणालात, "साहेब, ती आन् मी एकाच साली या गावात नवऱ्या म्हणून आलो. ती शाळेत जायची तवा तिचं पोर मी सांभाळलं. त्याची शी काढली, त्याला माझ्या ताटात जेवू घातलं. तवा माझ्या तोंडाची घाण नाय वाटली तिला? आता पोरगा पुण्याला मोठा सायब झाला, आता वाटती?" मी काय केलं माहीत आहे ना? मी तुम्हाला पाणी आणून दिलं. आणि क्षमेवर चार वाक्यं बोललो.

त्याच आठवड्यात एस्तेरबाई आल्या. त्या बसल्याही नाहीत. "साहेब, मी असं काही बोललेले नाही. मी तिला सांगायला गेले, तिनं दार लावून घेतलं. तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुमच्यावर आहे. तुम्ही तिला सांगा." मी म्हणालो, "सांगतो बाई, वेळ बघून सांगतो." आणि चार वर्षं मी वेळच बघत होतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि वर त्या खांद्याची विचारपूसही करायची नाही, असला मी पाळक.

तुम्ही चर्च सोडलं नाहीत. सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतका मी खालच्या थराला गेलो होतो. तुम्ही रस करत राहिलात. ते बोटभर पेले तुम्हीच भरायचात, तुम्हीच विसळायचात. फक्त प्रभुभोजनाची वेळ झाली की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचात. मी एकदा उपासनेनंतर तिथं आलो, म्हटलं, "मावशी, पेला लहान काय, मोठा काय, आतलं तर तुम्हीच केलेलं आहे. हट्ट सोडा." तेव्हा तुम्ही मला तुमच्या आजीचं सांगितलंत.

तुमची आजी विहिरीपाशी जायची, पण विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणी दया येऊन वरून पाणी ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचं. मग तिच्या वस्तीवर मिशनचा गोरा साहेब आला. तो काय शिकवतो ते तिला फारसं कळायचं नाही. "पर साहेब, त्यानं सगळ्यांला एका प्याल्यातून पाजलं. माझ्या आजीनं बी तोंड लावलं. आन् शेवटाला जे उरलं ते त्या सायबानं सोता पिलं. आमचं उष्टं! आजी म्हणायची, तवाच मला समाजलं ह्यो देव आपला हाय. शास्त्र-बिस्त्र तिला मागून कळलं. आदी ते कळलं." तुम्ही हे सांगताना रडत नव्हतात. मी चाफ्याच्या झाडाकडं बघत उभा होतो. त्या क्षणी सांगता आलं असतं. तुमच्या आजीला ज्या घोटानं देव कळला तोच घोट मला गिळवत नव्हता, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो? घशाशी आलेलं मी परत आत ढकललं आणि "विचार करू" म्हणालो.

आणि खरंच विचार केला, मावशी. प्याला परत आणावा असं दहा वेळा मनात आलं. पण आणला असता तर लोकांनी विचारलं असतं, आधी का बंद केला होता? एका हसण्यापायी मी इतका अडकलो होतो. जन्मभर लोकांना सांगत आलो, पाप कबूल करा, हलकं वाटेल. स्वतःवर वेळ आली तेव्हा नाकानं कांदे सोलणारा हा पाळक चार वर्षं मूग गिळून बसला.

या वर्षी छाटणीच्या दिवसांत तुमचा दम वाढला. छातीत पाणी झालं, नाशिकला दवाखान्यात दहा दिवस काढलेत, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी आजाऱ्याला प्रभुभोजन देण्याची छोटी पेटी घेऊन आलो. तुमची सून मरीया तुम्हाला कण्या भरवत होती. तुम्ही पेटीकडं बघितलंत आणि मान हलवलीत. "चर्चात घेईन, बरी झाल्यावर." मग मरीयाला पाणी आणायला आत पाठवलंत आणि मला जवळ बोलावलंत. तुमचा आवाज बसला होता. "साहेब, एक काम करा. एस्तेरला इचारा, तिला नेमकी माझीच किळस का आली? मी तिचं काय वाईट केलं? तेवढं इचारून सांगा, मंग मी मरायला मोकळी."

आपण दोघंच होतो. तुमचा हात माझ्या हातात होता, छाटणीच्या कात्रीनं घट्टे पडलेला. देवानं याहून सोपी वेळ मला कधी दिली नसती. आणि मी म्हणालो, "मावशी, आता ते मनातून काढा. बाईंना क्षमा करा. प्रभूनंही सगळ्यांना केली."

तुम्ही छताकडं बघितलंत. मग म्हणालात, "बरं. केली माफ. देवाची साक्ष."

माझ्या हातून खूप चुका झाल्यात. चुकीच्या मुलाचं नाव घेऊन बाप्तिस्मा सुरू केलाय, लग्नात नवरीच्या नावाऐवजी करवलीचं नाव घेतलंय. त्यावर गाव वर्षभर हसलं आणि मीही हसलो. पण मरणाऱ्या बाईकडून, काहीच न केलेल्या दुसऱ्या बाईसाठी क्षमा वदवून घेणं, आणि ती मिळाल्यावर सुटका झाल्यासारखा उसासा टाकणं, याला चूक म्हणत नाहीत. तुम्ही इतक्या कष्टानं दिलेली ती माफी एस्तेरबाईंच्या कामाची नव्हती. ती माझी होती, आणि दोषी मी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

बुधवारी शवपेटी खाली उतरवल्यावर सगळे मूठ मूठ माती टाकायला पुढं आले. एस्तेरबाई कुंपणापासून निघाल्या. हळूहळू येत होत्या, गुडघे दुखतात त्यांचे. मरीयानं त्यांना बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आता कशाला आल्या, बाई? त्यांच्या जित्तेपणी तर घाण वाटायची." एस्तेरबाई जागीच थांबल्या. हातात माती होती. त्यांनी ती तशीच खाली सोडली, हात झटकले आणि परत कुंपणापाशी गेल्या. आणि मी पुढचं पान उलटून समेटाचं ते वाक्य वाचलं. मावशी, त्या वेळी वीज पडून मेलो असतो तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी जेवलो नाही. शुक्रवारी सकाळी एस्तेरबाईंच्या दारात गेलो. त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो, आणि एका दमात सगळं सांगितलं. डाग, फडकं, बैठक, माझं हसणं, तुमचं शेवटचं विचारणं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हे बसून सांगताय."

मी उभा राहिलो. साठीकडं झुकलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखा हात खाली सोडून उभा.

"आता परत सांगा."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. त्या रडल्या नाहीत, चष्मा परत चढवून म्हणाल्या, "तुम्हाला मी हात जोडून सांगितलं होतं. चार वर्षं मी तिच्या दारावरून खाली मान घालून गेले. दवाखान्यात भेटायला निघाले होते, बस स्टँडवरून परत आले, म्हटलं आजारी बाईला आपल्या तोंडानं त्रास नको. आणि तुम्ही तिला सांगितलंत, बाईंना क्षमा करा? मला?" मी माफ करा म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. "ते नंतर. आधी मरीयाला सांगा. माझ्यासमोर." आणि ओट्यावर जाऊन त्यांनी हाक मारली. चार वर्षांत त्या घराकडं तोंड करून मारलेली ती पहिली हाक असेल.

मरीया पीठ मळत होती, तशीच आली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग एस्तेरबाईंकडं. "बाई, मी त्या दिवशी मातीवरनं..." एवढंच बोलली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. एस्तेरबाईंनी तिला जवळ घेतलं. "तुझी काय चूक गं? तुला जे कळलं ते तू खरं मानलंस." मी कोपऱ्यात उभा होतो. जावं की थांबावं कळेना. मग मरीया माझ्याकडं वळली. डोळे लाल, पण आवाज तुमच्यासारखा, सावकाश. "साहेब, आत्याबाई रोज तुमच्या नावानं प्रार्थना करायच्या. म्हणायच्या, आपला पाळक शहरातला हाय, पर मनानं साधा हाय. रविवारी तुमी हे चर्चात बोला. नायतर मी उभी राहून बोलीन."

बोललो, मावशी. आज सकाळी बोललो. उपदेशाचा कागद घेतलाच नाही. वेदीवरून खाली उतरून लोकांच्या पातळीला उभा राहिलो आणि म्हणालो, "एका प्याल्याबद्दल कोणीही तक्रार केली नव्हती. एस्तेरबाईंनी तर नाहीच. मला किळस यायची. सोजरमावशींच्या तोंडाची. ती लपवायला मी प्याला बंद केला, आणि दोष बाईंच्या माथी पडला तेव्हा गप्प बसलो. सोजरमावशी चार वर्षं प्रभुभोजनाविना राहिल्या आणि तशाच गेल्या, ते माझ्यामुळं. बुधवारी कबरीपाशी मी जे वाचलं ते खोटं होतं." पुढं क्षमेबद्दल काही बोलायचं ठरवलं होतं, ते सुचलंच नाही. खाली बसलो. मागच्या बाकावरचे एक आजोबा उठून बाहेर गेले. मग हार्मोनियम वाजवणाऱ्यानं आपण होऊन एक भजन सुरू केलं आणि लोक अडखळत त्याच्यामागं गायला लागले.

बाहेर पडताना मी नेहमीसारखा दारात उभा राहिलो. काहींनी सलाम केला, काहींनी माझ्या हाताकडं बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांना मी काय म्हणणार? बिशपसाहेबांना पत्र लिहून ठेवलंय, उद्या पाठवतो. बदली करतील, कदाचित झगा उतरवायला सांगतील. जे सांगतील ते ऐकेन. एस्तेरबाई शेवटी आल्या. "सलाम, साहेब. स्पष्ट बोललात." आणि दोन पायऱ्या उतरून मागं न बघता म्हणाल्या, "चार वर्षं उशिरा."

त्या त्यांच्या घरी गेल्या नाहीत. तुमच्याकडं गेल्या. मरीया आत्ता तुमच्याकडची चर्चची किल्ली द्यायला आली होती, तिनं सांगितलं. म्हणाली, बाई ओट्यावर चपला काढून सरळ आत आल्या, चहा नको म्हणाल्या. तुमचं लुगडं दोरीवर होतं त्याची घडी घातली. मग विचारलं, सोजर कुठं झोपायची? मरीयानं, बोलणं तुटल्यापासून मधल्या भिंतीला लावलेली खाट दाखवली. बाई त्या खाटेवर बसल्या आणि भिंतीवर हात ठेवून रडायला लागल्या, आवरेचनात. मरीयाला कळेना काय झालं. मग त्यांनीच सांगितलं, भिंतीच्या पलीकडं, अगदी याच जागी, त्यांनीही तेव्हापासूनच खाट लावलीय. चार वर्षं तुम्ही दोघी उशाला उशी लावून झोपत होतात आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं.

मध्ये एक विटेची भिंत होती, मावशी, आणि मी.